आकाशदालनातली निळी बाई

१

रुडॉल्फची चौदा चित्रं एखाद्या भिंतीवरून चोरीला गेली असती, तर मागे निदान खिळे तरी उरले असते. पण ज्या संग्रहालयातून ती गेली त्याला भिंतच नव्हती. 'आकाशदालन' असं त्याचं नाव, पत्ता इंटरनेटवर, आणि आत म्हणे फक्त कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं. तिथून चित्रं गेली याचा पुरावा एवढाच, की ती तिथे नव्हती.

हे ऐकून आशालताबाई सामंतांनी नाक मुरडलं. नाक मुरडणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क होता. विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. न जळलेल्या दुकानांचे आणि न मेलेल्या म्हशींचे दावे त्यांनी हातावेगळे केले होते. माणसं खोटं बोलतात याचं त्यांना कधीच वाईट वाटलं नाही. इतक्या गचाळपणे बोलतात, याचा मात्र संताप यायचा.

मार्च महिना होता, दोन हजार तीन सालचा. वार शुक्रवार, म्हणजे विरारच्या मनवेलपाड्यात सकाळपासून वीज नव्हती. दुरुस्तीच्या नावाखाली ती दर शुक्रवारी सकाळी जायची ती दिवेलागणीला उगवायची. आशालताबाई वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या होत्या आणि समोर निर्मळ गावची मटिल्डाबाई टोपली बाजूला ठेवून बसली होती. ती इतकी वर्षं बिल्डिंगमध्ये स्वतःच्या वाडीतली भाजी, मोगरा आणि केळी घेऊन यायची, पण जिना चढून आत येऊन बसली ती आजच. बाईंनी चहा पुढे केला. तिने कप डाव्या हातात घेतला, उजव्याने कपाळ, छाती, खांदे शिवले आणि मग घोट घेतला.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. तिचा मुलगा रुडॉल्फ मागल्या वर्षी काविळीने गेला. त्याला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा नाद होता. आजारी पडण्याआधी त्याने सगळी चित्रं एका सीडीवर भरून आकाशदालनाच्या साहेबांना दिली होती. तिथे ती कायमची राहतील असं साहेब म्हणाले होते. पुढे घरचा कॉम्प्युटर विजेच्या झटक्याने जळला. आता चर्चमधली वर्षाची मिस्सा, म्हणजे त्याच्या आत्म्यासाठीची प्रार्थना, जवळ आली, तिच्या कार्डावर त्याचं एखादं चित्र छापावं म्हणून पुतण्या शॉन इंटरनेटवर बघायला गेला. फोनची लाइन इतकी मंद की एकेक चित्र उघडायला युग लागायचं, म्हणून त्याने नुसती चित्रकारांची नावं वाचली. त्यात रुडॉल्फ नव्हता. विचारलं तर उत्तर मिळालं, सीडी खराब झाली, चित्रं उडाली.

"मला चौदा नकोत, बाई," मटिल्डाबाई म्हणाली. "शेवटचं एक द्या शोधून. त्यात मी आहे. पूर्ण झालं की दाखवतो म्हणाला होता. मी ते बघितलंच नाही."

२

रविवारी आशालताबाई आकाशदालन बघायला गेल्या. ज्याचा डंका अमेरिकेपर्यंत वाजतो म्हणत, ते संग्रहालय त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या एका गाळ्यात भरलं होतं. एक कॉम्प्युटर, तीन खुर्च्या, आणि सगळ्यावर पिठाचा पातळ थर. या थराला मात्र बाईंच्या मते खरंखुरं कलामूल्य होतं.

संस्थापक हर्षवर्धन कर्णिक खादीचा कुर्ता घालून स्वागताला उभा होता. मुंबईत जाहिरातींच्या कंपनीत मजकूर लिहायची नोकरी. उजाडता घर सोडायचा, अंधार पडल्यावर परतायचा, आणि रविवारी कलेचा उद्धार करायचा. विरारात फ्लॅट घेऊन त्याला सात वर्षं झाली होती आणि विरारात काय आहे असं विचारलं तर स्टेशन म्हणाला असता. शेजारी क्षितिजा होती, संग्रहालयातल्या चित्रांखाली मजकूर लिहिणारी. चित्र समजलंच तर आपलं काम संपेल, या भीतीने ती लिहीत असावी. कोपऱ्यात वेदांत, पगारावर कॉम्प्युटर सांभाळणारा. तो दिवसभर इथे असायचा आणि त्याला बघून तसं वाटायचं.

हर्षवर्धनने भाषण सुरू केलं. आम्ही भिंती पाडल्या, चौकटी मोडल्या वगैरे. बाईंनी जांभई तोंडातच दाबली. शेवटी तो संग्रहालयाच्या रत्नाकडे वळला. अनाहत नावाचा कुणी अज्ञात कलावंत. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. चित्रं तेवढी ई-मेलने येतात. परदेशातल्या एका मोठ्या ऑनलाइन दालनाने त्याला आमंत्रण धाडलं होतं.

"हे बघा, 'निळी शरणागती'," हर्षवर्धन म्हणाला.

चित्र खरोखर चांगलं होतं, आणि ते चांगलं निघाल्याने बाईंचा जरा विरस झाला. संध्याकाळचा उजेड, केळीची वाडी, मध्ये दगडी क्रूस. क्रूसासमोर निळं लुगडं नेसलेली म्हातारी, डोळे मिटलेली, चेहरा निम्मा सावलीत. तिचा डावा हात कपाळाशी, उजव्या हातात माळ. क्रूसाच्या माथ्यावर पांढरट डाग. खाली जमिनीवर कडेने आत आलेली एक फाटकी सावली, केळीच्या पानाची असावी. क्षितिजाचा मजकूर असा होता: 'डावा हात कपाळाशी नेऊन ही स्त्री प्रस्थापित धर्माला सौम्य नकार देते. माथ्यावरचं शुभ्र शून्य हा तिच्या प्रश्नाचा उच्चार आहे.'

बाईंनी रुडॉल्फचं नाव काढलं. हर्षवर्धनने चेहरा लगेच दुःखी केला. फार गुणी मुलगा, तो म्हणाला. आणि मग वेदांतकडे न बघता त्याने वेदांतला सुळावर चढवलं.

"सीडी मी ह्याच्याकडे दिली होती. शुक्रवार होता, पक्कं आठवतं, कारण शुक्रवारी ऑफिसात माझी मीटिंग असते. दुपारी जेवायला बसलो आणि ह्याचा फोन. सर, कॉपी करता करता मशीन बसलं, सीडी आत तुटली. मी ह्याला काही बोललो नाही. लहान आहे, चुका होतात."

वेदांत मान खाली घालून आपल्या चपला बघत राहिला. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बाईंनी त्या सगळ्याची मनात नीट घडी घालून ठेवली.

निघताना हर्षवर्धनने एक आमंत्रणपत्रिका हातात दिली. पुढच्या रविवारी सकाळी विरारच्या हॉलमध्ये संग्रहालयाचा वर्धापनदिन, आणि त्या दिवशी अनाहत जगापुढे प्रकट होणार.

"म्हणजे तुम्हाला तो माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"कोणी सांगावं," हर्षवर्धन हसला. "कदाचित आत्ता तो या खोलीतच असेल."

३

तिघांपैकी एक अनाहत. बाईंनी सोमवारी आधी वेदांतला गाठलं. गिरणीच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागत होतं आणि खोटं ओरडून बोलणं कठीण असतं, हे बाईंना ठाऊक होतं. सीडी तुझ्याकडे आली होती का, त्यांनी विचारलं. सर म्हणतायत म्हणजे आली असेल, तो म्हणाला. तुला आठवत नाही? सर म्हणतायत ना. इतका मऊ कणा बाईंनी गांडुळातही पाहिला नव्हता.

"त्या शुक्रवारी तू कुठे होतास?"

वेदांतचे कान लाल झाले. "मॅडम, प्लीज," तो म्हणाला. "शुक्रवारचं काही सरांना विचारू नका. माझी नोकरी जाईल."

क्षितिजा वसईला राहायची. तिने दारातच सांगितलं की तिला वेदांतचा संशय आहे, अनाहत तोच असावा, इतकं गप्प राहणारा माणूस नक्की काहीतरी लपवतो. सीडी बिघडवली हेही नाटक. रुडॉल्फची चित्रं तिने स्वतः कधी पाहिलीच नव्हती आणि अनाहतचीही हर्षवर्धनमार्फतच तिच्यापर्यंत यायची. बाईंनी विचारलं, मजकूर लिहिण्यापूर्वी ती कधी एखादी वाडी, एखादा क्रूस बघायला गेली होती का. क्षितिजाने असं पाहिलं की जणू तिला शेण थापायला सांगितलं होतं. कलाकृती स्वयंपूर्ण असते, ती म्हणाली.

"लोकांना मात्र हे झेपत नाही," ती पुढे म्हणाली. "इकडच्याच कुणाकुणाचे ई-मेल आले. हात चुकलाय म्हणे. मी उत्तरंसुद्धा दिली नाहीत. अहो, रेम्ब्रांटलाही लोक असंच म्हणत असतील."

आशालताबाई जिन्यातच थांबल्या. एकाला चित्र आवडत नाही, हे समजू शकतं. पण एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच चूक दाखवत असतील, तर चूक त्या माणसांची नसते. त्यांनी घरचा रस्ता सोडून निर्मळची रिक्षा पकडली.

४

मटिल्डाबाईची वाडी देवळाच्या तळ्यापासून आत होती. बाई पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि मटिल्डाबाई मोगऱ्याच्या कळ्या खुडून टोपलीत टाकत होती. तिने हात पुसले, पाणी दिलं, आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणून थोडं थांबायला सांगितलं. घराच्या बाजूला केळीत दगडी क्रूस होता. त्याच्या माथ्यावर चार इंग्रजी अक्षरं ठळक कोरलेली होती. मटिल्डाबाईने आपल्या नेहमीच्या लाल लुगड्याचा पदर सावरला आणि माळ डाव्या हातात धरली.

"रुडॉल्फ इथंच असायचा का, तुम्ही प्रार्थना करताना?" बाईंनी विचारलं.

"कुठला," ती म्हणाली. "तुझं चित्र काढतोय, हलू नको म्हणायचा, आणि मी डोळे मिटले की पळाला घरात, कॉम्प्युटरकडे. एक दिवस माळेच्या प्रार्थनेला थांबला नाही माझ्याबरोबर. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीपण त्यावरनं बोलले मी त्याला. तेच लागून राहिलंय."

आणि तिने डोळे मिटले. उजवा हात कपाळाला लागला, मग छातीला, मग खांद्यांना. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने.

आशालताबाई बघतच राहिल्या. उजवा हात. हीच खूण शुक्रवारी त्यांच्याच घरात, त्यांच्याच चहावर झाली होती. क्षितिजाला बंडखोरी दिसली, हर्षवर्धनला काहीच दिसलं नाही. आणि विरारात उभी हयात काढून आपल्यालाही त्या गाळ्यात काही खटकलं नाही, हे जाणवून बाईंना स्वतःचाही मनापासून तिटकारा आला. क्रूसाच्या माथ्यावरच्या अक्षरांकडे त्यांनी परत पाहिलं. मग तो पांढरट डाग त्यांना आठवला आणि त्या चक्क हसल्या.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी मटिल्डाबाईला रविवारी हॉलवर यायला सांगितलं. लाल लुगडंच नेसून.

"तिथं काय करायचं मी?"

"रोज करता तेच," बाई म्हणाल्या.

५

हॉल भरला होता. अर्ध्या खुर्च्यांवर मनवेलपाड्यातल्या सोसायट्यांच्या बायका होत्या, कारण पत्रिकेवर अल्पोपाहार छापला होता. मागे शॉन आपल्या काकीला घेऊन बसला होता. समोरच्या पडद्यावर 'निळी शरणागती' एवढी मोठी झाली होती की म्हातारीच्या माळेचे मणी मोजता यावेत. वेदांत खाली टेबलाशी कॉम्प्युटर सांभाळत होता. अनाहतची सगळी चित्रं दाखवायची म्हणून हर्षवर्धनने स्वतःच्या बॅगेतून काढून एक सीडी त्याला दिली होती.

आशालताबाईंना हा प्रकार आधीच थांबवता आला असता. पण विम्याच्या नोकरीत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. लबाडाला दावा पूर्ण लिहू द्यावा, खाली सही करू द्यावी, हात नंतर घालावा.

हर्षवर्धनने सही केली. डोळे ओले करून, आवाज दाटून आणून तो माइकवर म्हणाला की आता लपण्यात अर्थ नाही, अनाहत म्हणजे मीच. कलावंताने कृतीच्या मागे अदृश्य व्हावं असं मला वाटतं. टाळ्या पडल्या. क्षितिजाचा चेहरा पडला, कारण तिला हे आधी कळलं नव्हतं. टाळ्या विरल्या तशा आशालताबाई उठल्या.

त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं की ही म्हातारी कोण. हर्षवर्धन म्हणाला, कोणीही नाही, एक प्रतीक आहे. मग हिने डावा हात का उचलला? तो मुद्दाम, त्यावर खूप विचार केला होता, तो म्हणाला.

"मटिल्डाबाई, जरा पुढे या," बाई म्हणाल्या. "आणि प्रार्थना सुरू करताना काय करता ते करून दाखवा."

मटिल्डाबाई पडद्यासमोर आली. इतक्या लोकांपुढे ती संकोचली, पण क्रूस समोर दिसताच तिचा हात आपोआप वर गेला. उजवा. डाव्यात माळ. लाल लुगडं आणि निळं लुगडं शेजारीशेजारी उभी राहिली आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"आता हे चित्र उलटं कर, वेदांत," बाई म्हणाल्या. "डावी बाजू उजवीकडे."

हर्षवर्धन नको म्हणाला. वेदांतने आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं नाही. त्याने माऊस दाबला आणि चित्र फिरलं. उजवा हात कपाळाशी आला, माळ डाव्या हातात गेली. समोर निर्मळच्या वाडीतली मटिल्डाबाई उभी होती.

बाईंनी पुढचं थोडक्यात सांगितलं. चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून ह्याने चित्र आरशातल्यासारखं फिरवलं, लाल लुगडं निळं केलं. क्रूसावरची अक्षरं उलटी वाचली जातील एवढं ह्याच्या लक्षात आलं, म्हणून ती पुसली. तो डाग म्हणजे शून्य नव्हे, खाडाखोड. अक्षरं ह्याला दिसली, कारण तो अक्षरांचीच नोकरी करतो. हात दिसला नाही, कारण क्रूसासमोर उभं राहिलेलं माणूस ह्याने सात वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

हर्षवर्धनचं तोंड कोरडं पडलं होतं, पण जीभ चालू होती. हे त्या वेदांतचं काम, तो म्हणाला. चित्रं त्याच्याकडेच होती, त्यानेच बदलून मला पाठवली असतील, मी फक्त शैली सुधारली.

"सीडी वेदांतकडून केव्हा मोडली म्हणालात?" बाईंनी विचारलं. "माइकवर सांगा. सगळ्यांना कळू दे."

"शुक्रवारी दुपारी," हर्षवर्धन म्हणाला. "कॉम्प्युटरवर कॉपी करताना."

पहिल्या रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. मग तिची शेजारीण. मग हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं आणि सोसायट्यांच्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हर्षवर्धन या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला विनोद कळेना.

"शुक्रवारी दिवसा मनवेलपाड्यात वीज नसते," बाई म्हणाल्या. "कित्येक वर्षं नाही. इथल्या लहान पोरालाही हे माहीत आहे. तुम्हाला नाही, कारण शुक्रवारी दिवसा तुम्ही कधी इथे नसता. तुम्ही इथे फक्त झोपायला येता."

वेदांत उठून उभा राहिला. शुक्रवारी गाळा उघडतच नाही, तो म्हणाला. सरांना कधी सांगितलं नाही, पगार कापतील म्हणून. त्यामुळे सर म्हणाले तेव्हा खोटं आहे असं म्हणता येईना. रुडॉल्फची सीडी मी कधी पाहिलीसुद्धा नाही. वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज फुटला, पण कणा सरळ होता. बाईंनी त्याच्याविषयीचं मत किंचित बदललं, फार नाही.

"मी नसतो तर ही चित्रं कुणी पाहिली असती?" हर्षवर्धन म्हणाला. "त्या वाडीत सडली असती. मी ती जगासमोर आणली."

"तुम्ही ती बघितलीदेखील नाहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. तो मागच्या दाराने केव्हा गेला हे कुणी पाहिलं नाही. पुढे त्या गाळ्यात गिरणीवाल्याने मिरच्या कांडायचं यंत्र आणलं आणि संग्रहालय वेदांत घरून चालवू लागला. पहिल्या पानावर आता रुडॉल्फचं नाव आहे.

पण हे नंतरचं. त्या सकाळी वेदांतने सीडी धुंडाळली, तर तिच्यात अनाहतच्या चित्रांशेजारीच रुडॉल्फच्या चौदाही मूळ फाइली जशाच्या तशा होत्या. चोराला त्या पुसायची गरजही वाटली नव्हती. वेदांतने शेवटची उघडली. पडदा लालभडक झाला. निळाईत अर्धवट दिसणारा चेहरा आता पुरता दिसला, सुरकुत्यांसकट. क्रूसावर चार अक्षरं होती.

मिस्सेच्या कार्डावर हेच चित्र छापायचं ना, असं शॉनने हळूच विचारलं. मटिल्डाबाई चित्राच्या अगदी जवळ गेली, स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही, तर खाली कडेला, जमिनीवर पडलेल्या त्या सावलीकडे.

"ती केळीच्या पानाची सावली आहे," क्षितिजा सवयीने म्हणाली.

"नाही," मटिल्डाबाई म्हणाली. "हे डोकं आहे. त्याचे केस असेच उभे राहायचे, किती तेल लावा."

तिने हात लांब करून पडद्यावरच्या त्या काळ्या डागाला बोट लावलं. उन्हाकडे पाठ करून कुणीतरी तिच्यासमोर उभं होतं, तिची माळ संपेपर्यंत, तिचे मिटलेले डोळे बघत.

"थांबला होता," ती म्हणाली. "बाई, एवढ्या सुरकुत्या एका दिवसात बघून होतात का? तो रोज थांबला होता."

आशालताबाईंना नाक मुरडायला काही सापडलं नाही. त्या तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.